अर्धा खांब वाघ

मामाजींना अंतर विचारलं की ते किलोमीटर सांगत नसत, खांब सांगत. दवाखाना किती लांब? "बारा खांब." लग्नाचा हॉल? "चौकातून डाव्या हाताले आठ खांब. नवव्याले तारेचा ताण देल्ला हाय, त्याच्या समोर." नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ चेष्टा करतायत. तो बिचारा हसायचा. मग मामाजी त्याच्याकडे असं बघायचे, की तो मुकाट्यानं खांब मोजायला लागायचा. आणि हॉल बरोबर तिथेच निघायचा.

मामाजी म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. सगळी नोकरी लाइनमन म्हणून हिंगणीच्या बाजूला, बोरच्या जंगलाच्या काठावरच्या खेड्यांमध्ये झाली. निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं उलटली तरी त्यांची नजर काही जमिनीवर आली नाही. रस्त्यानं ते वर बघत चालत. त्यामुळे गावोगावच्या माणसांपेक्षा तारा त्यांच्या जास्त ओळखीच्या होत्या. एकदा भर बाजारात ते माझ्या अंगावरून पुढे गेले. मी "मामाजी!" अशी हाक मारली, तर वर बघूनच म्हणाले, "कोन होय? बोलत राहा, माहं ध्यान हाय. ह्या तारेवर वाळूक टाकलं कोनं?" मी पण वर बघितलं. खरंच एका तारेवर काकडीचा वेल चढला होता.

त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. घरात त्यांचा विषय निघाला की प्रत्येक जण वेगळीच आठवण काढतो, आणि त्यातली निम्मी वाढवून सांगितलेली असते. ती सवयही त्यांचीच. म्हणून मी ठरवलं, आपण नीट, जसं घडलं तसं लिहून ठेवावं.

पायात कायम रबरी तळाचे काळे बूट. लग्न असो, मयत असो, सत्यनारायण असो. देवघरासमोर बूट काढायचे, पण काढल्यावर जमिनीला आधी हाताची पालथी बाजू लावून बघायचे. खिशात पक्कड. माझ्या नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात होती, भटजींनी अंतरपाट धरला होता, आणि मामाजी मांडवाच्या लोखंडी पायपांना एकेक करून पालथा हात लावत फिरत होते. चौथ्या पायपाशी थांबले. हात वर केला. बँडवाल्यांना वाटलं वाजवायची खूण झाली, त्यांनी जोरात सुरुवात केली. मामाजी ओरडतायत "बंद करा!" आणि बँडवाले आणखी जोरात. शेवटी मामाजींनी स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला. माइक गेला, दिवे गेले, कुलर गेले, मुहूर्तही सात मिनिटं गेला. पायपात करंट नव्हता.

"नोता," मामाजी शांतपणे म्हणाले. "पन चालूच समजाचं."

हे त्यांचं वाक्य. लाइन बंद केली आहे असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी हात लावायच्या आधी ती चालूच आहे असं समजायचं, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी धंद्याबाहेरही नेला. झोपलेलं कुत्रं, चालूच समजाचं. गरम शिरा, चालूच समजाचं. रागावून गप्प बसलेली बायको, ती तर नक्कीच चालू. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले. काय बोलले असतील ते मला पुढे दोन-तीन वर्षांत कळलं.

आता वाघाचं.

मामाजींच्या नोकरीत एक वाघ होता. बोर धरणाच्या बाजूला एका खांबावर ते फ्यूज बघायला चढले होते, सकाळी दहाची वेळ, आणि खाली वाघ येऊन बसला. नुसता बसला नाही, खांबाला पाठ घासायला लागला. खांब हलतोय, वर मामाजी हलतायत. खाली फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा ठेवला होता. वाघानं तो हुंगला आणि शिंकला. "असा शिंकला, असा शिंकला, का वरच्या तारा झनझनल्या!" संध्याकाळ होईपर्यंत मामाजी वर आणि वाघ खाली.

गोष्ट दरवेळी तीच. वाघ मात्र वाढत गेला. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तो गोऱ्ह्याएवढा होता. माझ्या मुलीच्या, रुचीच्या, बारशाला त्याचा बैल झाला. आणि सासरे गेले तेव्हा, लोक भेटायला येत होते, कोणाला काय बोलावं सुचत नव्हतं, तेव्हा मामाजींनी वाघाचा विषय काढला आणि त्या बैठकीत पहिल्यांदा म्हणाले, "लांबीले म्हनसान त अर्धा खांब."

माझ्या नवऱ्यानं एकदा हिशेब मांडला. "मामा, खांब सव्वीस फूट उंच. अर्धा म्हणजे तेरा फूट होतात."

"शेपूट धरून."

"शेपूट धरूनही वाघ नऊ-दहा फुटांच्या वर जात नाही."

"थो पुस्तकातला," मामाजी म्हणाले.

या सगळ्यावर ज्यांचा पूर्ण विश्वास होता, त्या एकट्या माझ्या सासूबाई. आणि त्यांचं या वाघाशी वेगळं देणंघेणं होतं.

त्या आठ वर्षांच्या असताना त्यांच्या गावाजवळच्या नाल्यावर वाघ आला होता. सगळं गाव बघायला पळालं. सोळा वर्षांचे मामाजी पण पळाले, आणि पळताना बहिणीला घरात कोंडून, बाहेरून कडी लावून गेले, कारण ती मागे लागली असती. परत आले तेव्हा ती रडून रडून दाराशीच झोपली होती. तेव्हा त्यांनी शब्द दिला, "रडू नको बाई. तुह्या लग्नाच्या आधी तुले वाघ दाखोतो."

लग्न झालं. मग ठरलं पहिल्या बाळंतपणाआधी. मग नोकरीत सुट्टी मिळाली की. मग निवृत्त झालो की. चौसष्ट वर्षं! दरवर्षी भाऊबीजेला मामाजी साडी घेऊन येत. सासूबाई ओवाळत, साडी घेत, आणि म्हणत, "साडी झाली. माहा वाघ कुठी हाय?"

"येते वं बाई. निंगाला हाय तिकून."

पाच वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मामाजी पाटावर बसले. बसायला दोघांनी धरावं लागलं. गुडघे गेले होते. "आता खांबावर चढनं त सोडा," ते हसत म्हणाले, "खाटेवर चढाले शिडी लागते मले." सासूबाई ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ना टिळा लावेत, ना ओवाळेत.

"काऊन वं? लाव ना."

"नाई लावत. आधी वाघ."

"बाई, दिवा इझून राह्यला."

"इझू दे. तू ऐंशीचा झाला दादा. मी बहात्तरची. आता तू दाखोशील कवा, मी पाहीन कवा?"

मामाजींनी पहिल्यांदाच नजर खाली आणली. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी ऑफिसात साहेबानं सांगावं तसं म्हणाले, "सूनबाई, वाघ बुक करा."

वाघ बुक होत नाही, सफारी बुक होते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. सासूबाईंनी टिळा लावला आणि वाघ माझ्या कामांच्या वहीत आला.

आम्ही पुढच्या दीड वर्षात एकूण तीनदा बोरच्या जंगलात गेलो. इथे सांगते आहे ती पहिली खेप, जानेवारीतली. मामाजी, सासूबाई, आम्ही दोघं नवरा-बायको आणि रुची. माझ्या यादीत सतरा गोष्टी होत्या. ओळखपत्रं, कानटोप्या, गुडघ्यांचा बाम, पाणी, सासूबाईंच्या गोळ्या, वगैरे. मामाजींनी त्यात स्वतःच्या हातानं अठरावी लिहिली, 'टेस्टर'. जंगलात टेस्टर कशाला, असं मी विचारलं. "वाघाले लावाले नाई," ते म्हणाले. "पन गेटवर हाफिस असन. हाफिस म्हनलं का लाइन आली."

आदल्या दिवशीच ते आमच्याकडे येऊन राहिले, आणि उशीर नको म्हणून बूट घालूनच झोपले. पहाटे मी उठवायला गेले तर ते आधीच गाडीत जाऊन बसले होते. दोन स्वेटर, कानटोपी, त्यावर मफलर. फक्त डोळे दिसत होते आणि तेही वर.

वर्धा सोडल्याबरोबर त्यांनी मोजणी सुरू केली. "एक. दोन. तीन." अंधार होता, पण त्यांना दिसत होतं. सेलू येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात मागून सासूबाईंनी विचारलं, "दादा, लाडू खातं का?"

"दोनशे एक्याऐंशी. कायचे?"

"मुरमुऱ्याचे."

"दे." लाडू तोंडात गेला. कुरकुर झाली. मग कुरकुर एकदम थांबली. "बापू," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी वापस घे."

"का? काय राहिलं?"

"मोजनी तुटली."

"मामा, सहाला गेटवर पोचायचंय."

"दोनशे एक्याऐंशी का ब्याऐंशी, तेवढं पाहून येऊ."

नवऱ्यानं गाडी वळवली नाही. मामाजी पुढे हिंगणीपर्यंत बोलले नाहीत. बोलले ते एवढंच, की त्यांच्या काळात खात्यात अशी माणसं नव्हती.

गेटवर अर्ज, ओळखपत्रं, सही. मी सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमानं लावलं होतं, दोन मिनिटांत काम झालं. तेवढ्या दोन मिनिटांत मामाजी खिडकीतून आत हात घालून तिथलं बटण पालथ्या हातानं तपासून मोकळे झाले होते. आतल्या माणसानं विचारलं, "काका, काही पाहिजे का?"

"काई नाई. चांगलं हाय. बसा."

जिप्सीत आमच्याबरोबर एक गाईड आल्या, चाळिशीच्या, खाकी कपड्यातल्या, जंगलाकाठच्याच एका गावच्या. मामाजी जिप्सीत चढवले गेले. नवऱ्यानं वर ओढलं, मी खालून ढकललं. बसल्याबरोबर त्यांनी चौकशी सुरू केली. गाईडताईंनी गावाचं नाव सांगितलं.

"तुमच्या गावची डीपी मी बसोली," मामाजी म्हणाले. दुसरे लोक नातं काढतात, मामाजी ट्रान्सफॉर्मर काढत.

"अस्सं!" गाईडताई खूश झाल्यासारख्या वाटल्या. "म्हणजे थे तुमीच का? दर उन्हाळ्यात जळते ना थे!"

"लोड वाढोला तुमी. पाचच्या जागी पंधरा मोटरी लावल्या. डीपीनं करावं काय?"

"चिंचेच्या झाडाखाली बसोली तुमी. झाडावर माकडं. रोज एक भडाका."

"माकडाईले आमी नाई बसोलं," मामाजी म्हणाले. रुची आणि तिचे बाबा दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते. गाईडताईंनी सूचना दिल्या. खाली उतरायचं नाही, फोन बंद, खायचं काही नाही आणि आवाज तर अजिबात नाही.

"वाघाचा आवाज झाला त?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याले परवानगी हाय, आजी."

गाडी आत शिरली आणि मामाजींची पंचाईत झाली. जंगलात खांब नव्हते. त्यांनी डावीकडे वर बघितलं, उजवीकडे वर बघितलं. साग, बांबू, आकाश. तार कुठेच नाही. ऐंशी वर्षांचा माणूस, पण आई हरवलेल्या लेकरासारखा चेहरा झाला. "आपन कुठी हावो, समजत नाई," ते हळूच मला म्हणाले. त्यांचं हळू बोलणं आपल्या मोठ्यानं बोलण्यापेक्षा मोठं. दोन मोर उडाले.

पहिल्या तासात चितळं दिसली, एक घुबड दिसलं, मग कळप करून रोही उभे दिसले. गाईडताईंनी जिप्सी थांबवली. पुढच्या जिप्सीतली मंडळी फोटो काढत होती. सासूबाईंनी चष्मा पुसला, नीट बघितलं.

"हा त रोही होय."

"हो आजी. नीलगाय."

"हा आपल्या तुरीत रोज येते. याच्यासाठी इतक्या सकाळी उठलो का आपन? मी याले काल गोटे मारले."

"बाई, चूप," मामाजी म्हणाले. "थो आयकून राह्यला."

दुसऱ्या तासात काहीच नाही. पाणवठ्यावर थांबलो, उन्हं आली, रुचीला डुलकी लागली. मी मामाजींकडे बघत होते. ते आता वर बघत नव्हते. सबंध नोकरीत, निवृत्तीत, लग्नांत, मयतांत फार वेळ खाली न टिकलेली त्यांची नजर झुडपांमध्ये, गवतामध्ये, बांबूच्या मुळाशी फिरत होती. दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता. एकदा त्यांनी गाईडताईंना विचारलं, यावेळी खरंच हळू आवाजात, "माय, दिसन ना? शब्द देल्ला हाय मी."

"जंगल होय बाबा. सांगता येत नाई."

"बरं," मामाजी म्हणाले आणि पुन्हा गवताकडे बघायला लागले.

परतीला वळलो, वेळ संपत आली होती, आणि वळणावर ड्रायव्हरनं एकदम ब्रेक मारला. रस्त्याच्या कडेला बांबूतून वाघ निघाला. घाई नाही, काही नाही. रस्त्याच्या मधोमध आला, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि तिथेच उन्हात बसला. आमच्यापासून, मामाजींच्या भाषेत, अर्ध्या खांबावर, म्हणजे तीसेक पावलांवर.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची तयारी करून जाते. याची झाली नव्हती. त्याचं डोकं केवढं होतं ते मला आता लिहिता येत नाही. श्वास घेतला की त्याच्या बरगड्यांवरचे पट्टे वर-खाली होत होते. नवऱ्यानं माझा हात पकडला, तो नंतर दोन दिवस दुखत होता. रुची जागी झाली आणि तोंड उघडं ठेवूनच राहिली. ड्रायव्हर पुटपुटला, "आरामात बसला हाय."

"चालूच समजाचं," मामाजी म्हणाले. मग त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई. पाह्य. चौसष्ट वर्सं झाले. हा घे तुहा वाघ."

सासूबाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. मग विचारलं,

"दादा, हा कोन होय?"

"कोन होय म्हंजे? वाघ होय."

"असा?"

"असाच राह्यते."

"मंग अर्धा खांब कुठी हाय?"

सासूबाई वाघाकडे बोट दाखवून, शेतातलं पीक मोजावं तसं बोलत होत्या. "तू त सांगतलं होतं का अर्धा खांब. डोकं पान्याच्या नांदीएवढं. हा त पाव खांबबी नाई. हे पिल्लू असन त्याचं. मोठा कुठी गेला?"

गाईडताईंनी मान मागे वळवली. "आजी, नर हाय हा. पुरा वाढलेला. याच्यावर मोठा नाई आपल्या जंगलात."

"तुमच्या जंगलात नसन," सासूबाई म्हणाल्या. "माह्या भावानं पाह्यला हाय. मी त्याच्यावाला पाहाले आलतो. हा मी धरत नाई."

आता सगळे मामाजींकडे बघत होते. मीसुद्धा. वाघ समोर बसलेला असताना सहा माणसं एका म्हाताऱ्याकडे बघतायत, असं त्या जंगलात आधी झालं नसावं. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. खांब कमी करायचा, म्हणजे बहिणीला सांगायचं की मी इतकी वर्षं वाढवून सांगितलं. की खांब तसाच ठेवायचा, म्हणजे समोर बसलेला वाघ वाया घालवायचा आणि दिलेला शब्द पुन्हा डोक्यावर घ्यायचा. मफलर खाली सरकला होता आणि त्यांची हनुवटी हलत होती. मला खरंच वाईट वाटलं. मी मनात म्हटलं, मामाजी, सांगून टाका. तेरा फूट नव्हता म्हणा. कोणी रागावणार नाही.

मामाजींनी घसा खाकरला.

"बाई," ते म्हणाले, "महिना कोनता हाय?"

"जानेवारी. काऊन?"

"थंडी हाय का नाई?"

"हाय."

"थंडीत तार काय करते?"

सासूबाई लाइनमनची बहीण. त्यांना माहीत होतं. "आकसते."

"आन उन्हाळ्यात?"

"लोंबते."

"मंग?" मामाजींनी वाघाकडे हात केला. "आकसला हाय तो. मी पाह्यला तवा मे महिना होता."

गाईडताईंनी तोंड उघडलं. मामाजी लगेच त्यांच्याकडे वळले. "तुमच्या गावची तार मे महिन्यात लोंबते का नाई, माय? खरं सांगजो."

"लोंबते बाबा, पन..."

"झालं मंग."

गाईडताईंनी तोंड बंद केलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि त्याची पाठ हलायला लागली. माझ्या नवऱ्यानं मफलरचं टोक तोंडात कोंबलं. रुची माझ्या मांडीत तोंड घालून हुंदके दिल्यासारखी हसत होती. सबंध जिप्सी गदगद हलायला लागली. वाघानं मान वळवून एकदा आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली, उठला, आणि शेपूट ओढत पलीकडच्या बांबूत गेला. आकसलेलाच.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मंग मे महिन्यात दाखव."

मामाजींनी दांडा सोडला. इतका वेळ धरून ठेवलेला श्वासही सोडला. "दाखोतो," ते म्हणाले. गेटबाहेर पहिला खांब दिसला तशी त्यांची नजर पुन्हा वर गेली आणि चेहऱ्यावर रंग आला.

हिंगणीत चहा-पोह्यांना थांबलो. मामाजींनी टपरीवाल्याचं बटण तपासलं, त्याला दोन सूचना दिल्या आणि मग माझ्या नवऱ्याला मे महिन्यातल्या वाघाबद्दल सविस्तर सांगत बसले. उन्हाळ्यात पट्टेसुद्धा एकमेकांपासून लांब जातात, असं काहीतरी चाललं होतं. सासूबाईंना तोंड धुवायचं होतं, म्हणून मी त्यांना टपरीमागच्या नळावर घेऊन गेले.

नळ सोडला. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि पाणी सगळं सांडलं. पुन्हा धरली, पुन्हा सांडलं. मी घाबरले. गोळी यादीत होती, पर्समध्ये होती, काढायला लागले.

"गोळी नको वं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे पाण्यानं भरलेले. "केवढा होता वं सूनबाई तो! माय वं! माह्या पायातला जीव गेलता. आपल्याकडे पाह्यलं त्यानं, त मले वाटलं आता काई घरी जात नाई मी."

"आई! मग तुम्ही तर म्हणालात, पिल्लू आहे?"

"म्हनलं."

"का पण? मामाजींचं तोंड बघितलं ना तुम्ही? किती लागलं त्यांना!"

"घडीभर लागलं." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पाह्यला म्हनलं असतं त झालं असतं ना काम पुरं. तुह्या सासऱ्याले नाई पाह्यलं? विहीर बांधून झाली, पोरीचं लगन झालं, आता काई राह्यलं नाई म्हनत खाटेवर बसले थे उठलेच नाई. ज्याच्या डोक्यावर काम हाय थो चालते." टपरीकडे त्यांनी मान केली. मामाजी दोन्ही हात लांब करून माझ्या नवऱ्याला वाघाची मे महिन्यातली लांबी दाखवत होते, आणि हात पुरत नव्हते म्हणून शेजारच्या गिऱ्हाइकाचाही एक हात त्यांनी धरला होता. "पाह्य बरं. गुडघे दुखते म्हनत होता सकाळी. उभा हाय का नाई?"

उभे होते. कोणाच्याही आधाराशिवाय.

मी नळ बंद केला. गोळी परत पर्समध्ये ठेवली.

"सूनबाई!" तिकडून मामाजींचा आवाज आला. "मे महिन्याचं लवकर करजो! मंग जागा भेटत नाई!"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट दाबलं, पदर सारखा केला, आणि टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या,

"आन या खेपेले मोठा पाहून ठेवजो, दादा! लेकरंबिकरं नाई चालनार मले!"